बर्फाखालचा खडक मोजायचाय म्हणते लेक

प्रश्न : मॅडम, आम्ही पाटण तालुक्यातले. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं घरात ठरलं होतं. कॉलेजात एका शास्त्रज्ञांचं अंटार्क्टिकावर व्याख्यान झालं आणि तेव्हापासून तिचं एकच, ‘मला जिओफिजिक्स करायचंय, बर्फाखालची जमीन मोजायचीय.’ दीर म्हणतात, बर्फातले दगड मोजून पोट भरतं का? तिचे वडील बोलत नाहीत, पण रात्री झोपतही नाहीत. अशी नोकरी खरंच असते का? मुलींना पाठवतात का? परिस्थिती बेताची आहे, धाकटा आठवीत आहे. काय ते स्पष्ट सांगा.

उत्तर :

ताई, नमस्कार.

स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून ऐकायला कडू लागेल ते आधी सांगते. अंटार्क्टिकावर कायमची नोकरी आपल्याकडे कुणालाच नसते. तिथं जाणारी माणसं इथल्या एखाद्या संस्थेत नोकरीला असतात किंवा पीएच.डी. करत असतात. मोहिमेत नाव आलं की काही महिने जातात, परत येतात आणि आणलेली आकडेवारी पुढची दोन-तीन वर्षं संगणकासमोर बसून उलगडतात. कुणाला तीन-चारदा जायला मिळतं, कुणाला आयुष्यात एकदाच. उत्तम काम करूनही ज्यांची संधी हुकली असेही आहेत. तेव्हा लेकीला निवडायचं आहे ते भूभौतिकी, म्हणजे जिओफिजिक्स, हे शास्त्र. ते हाती आलं तर बर्फापर्यंतची वाट निघू शकते. नुसत्या बर्फासाठी शास्त्र निवडलं तर पोरगी पंचविसाव्या वर्षी निराश होईल.

आता तुमच्या दिरांचा प्रश्न. तो चेष्टेनं विचारला असेल, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. त्यासाठी हे काम असतं तरी काय, ते थोडं सविस्तर सांगते. घरात एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

अंटार्क्टिका सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या चौपटीहून मोठा. त्यातली एक टक्कासुद्धा जमीन उघडी नाही. बाकी सगळ्यावर सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ आहे आणि काही ठिकाणी ही जाडी पावणेपाच किलोमीटरवर जाते. खाली डोंगर आहेत, दऱ्या आहेत, सरोवरंही आहेत. १९५८ साली एक सोव्हिएत पथक पूर्व अंटार्क्टिकाच्या मधल्या पठारावरून चाललं होतं. बर्फात लहान स्फोट करायचे आणि त्यांच्या लहरी खालच्या खडकावर आपटून किती वेळानं परत येतात ते नोंदवायचं, असं त्यांचं काम. वर सगळं सपाट पांढरं, आणि नोंदींमध्ये खाली आल्प्सच्या तोडीची पर्वतरांग दिसू लागली. तिला गाम्बुर्त्सेव्ह पर्वत असं नाव मिळालं. या रांगेचं एकही शिखर बर्फाबाहेर डोकावत नाही. माणसानं ती डोळ्यांनी पाहिलेलीच नाही, मोजून ओळखली आहे. २००८-०९ मध्ये अनेक देशांनी मिळून विमानांतून तिचं पुन्हा तपशीलवार सर्वेक्षण केलं. तुमच्या लेकीला नेमकं याचंच वेड लागलेलं दिसतं, आणि मला ते वेड फार मोलाचं वाटतं.

आज स्फोटांपेक्षा रडारचा वापर अधिक होतो. घाटात हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते, आणि किती वेळानं आली त्यावरून कडा किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो. बर्फाच्या बाबतीत हेच रेडिओ लहरींनी करतात. थंड बर्फातून या लहरी सहज आरपार जातात आणि खालच्या खडकावरून परत फिरतात. बर्फात त्यांचा वेग एका मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर. एक किलोमीटर बर्फ असेल तर जाऊन-येऊन दोन किलोमीटर, म्हणजे जवळपास १२ मायक्रोसेकंद. हे गणित तुमची लेक आजही वहीत करेल. या तंत्राची सुरुवातही वाचण्यासारखी आहे. बर्फावरून उडणाऱ्या विमानांतली उंची मोजणारी रेडिओ उपकरणं चुकीचे आकडे दाखवत होती. लहरी बर्फाच्या पृष्ठभागावर न थांबता आत शिरतात हे त्यातून लक्षात आलं, आणि ज्या गुणामुळे वैमानिकांना धोका होता तोच पुढं मोजमापाचं साधन झाला.

रडार खडक किती खोल आहे ते सांगतं, पण कसला खडक आहे ते त्याला नीट सांगता येत नाही. तिथं गुरुत्वमापक आणि चुंबकत्वमापक कामाला येतात. खडक बर्फाच्या जवळजवळ तिप्पट घन असतो. त्यामुळे खाली डोंगर आहे की खोल दरी, यानुसार वरच्या गुरुत्वाकर्षणात अगदी सूक्ष्म फरक पडतो. हा फरक दशलक्षांशाच्या घरातला असतो, तरी उपकरण तो पकडतं. तसंच लोहयुक्त खनिजं असलेले खडक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आपली खूण उमटवतात. अडचण अशी की ध्रुवाजवळ सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे चुंबकीय क्षेत्र सारखं अस्वस्थ असतं. मग तळावर एक उपकरण एका जागी सतत नोंद घेत ठेवतात आणि त्याचे चढउतार सर्वेक्षणाच्या नोंदीतून वजा करतात. वादळ मोठं असेल तर त्या दिवसाची मोजणी टाकून द्यावी लागते. असे दिवस या कामात बरेच येतात, आणि ते सहन करण्याचा स्वभाव लागतो.

आणि हातोडीवाले भूवैज्ञानिक? बर्फातून जिथं डोंगराची टोकं वर आलेली आहेत तिथं ते जातात, थरांचे कल मोजतात, नकाशे करतात, नमुने आणतात. हिमनदीनं आतून वाहून आणलेल्या दगडांच्या राशीही तपासतात, कारण जिथं कुणी पोचू शकत नाही त्या भागातला खडक तिथं हाती लागतो. पुढं प्रयोगशाळेत त्या खडकातल्या झिरकॉन या टणक खनिजाच्या कणांवरून त्याचं वय काढतात. आपला पूर्व घाट आणि पूर्व अंटार्क्टिकाचा किनारा एकेकाळी एकमेकांना चिकटलेले होते, हे अशाच खडकांच्या तुलनेतून पक्कं होत गेलं. आंध्र-ओडिशातल्या पूर्व घाटाच्या खडकांचे सख्खे भाऊबंद तिकडच्या रेनर भागात सापडतात. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटला तेव्हा एक तुकडा उत्तरेला आला आणि दुसरा बर्फाखाली गेला. म्हणजे आपल्याच भूमीचा अर्धा इतिहास तिकडे आहे.

दिरांना वाटेल, एवढं करून तिथं खाण तरी काढता येते का? येत नाही. १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारानं तिथं खनिज काढायला बंदी आहे, आणि २०२२ साली आपल्या संसदेनं अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदाही केला. परवान्याशिवाय तिथून खडक उचलून आणता येत नाही. देश तरी पैसा का घालतात? तिथला सगळा बर्फ वितळला तर जगभरात समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. तसं आपल्या नातवंडांच्या काळातही होणार नाही, पण त्यातला किती बर्फ किती वेगानं घसरेल हे खालच्या जमिनीच्या आकारावर ठरतं. जमीन समुद्रापासून आतल्या बाजूला उतरती असेल तर समुद्राचं पाणी खाली शिरतं आणि हिमनदीचा पाय सुटतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात डेनमन हिमनदीखाली समुद्रसपाटीपासून साडेतीन किलोमीटर खोल दरी असल्याचं दिसलं. तोवर ती इतकी खोल असल्याचं ठाऊक नव्हतं. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या किनाऱ्याचं पुढचं शतक कसं जाईल याचे अंदाज बांधणाऱ्यांना हे आकडे लागतात. कुणीतरी जाऊन ते मोजून आणल्याशिवाय मिळत नाहीत.

या कामाशी आपला संबंध जुना आहे. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला तिथं उतरली. नेते होते डॉ. एस. झेड. कासिम. दुसऱ्या मोहिमेचे नेते व्ही. के. रैना तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचेच. आज शिरमाकर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यावर ‘मैत्री’ आणि लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ अशी दोन ठाणी चालतात. या मोहिमांची सगळी जुळवाजुळव करणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे. मैत्रीवरची चुंबकीय वेधशाळा नवी मुंबईतली भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. तिचीच अलिबागची वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेते आहे. भूकंपमापनाचं काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेकडे आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं मैत्रीजवळच्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचं टोक किती मागं सरलं हे वर्षानुवर्षं मोजत आली आहेत. लेकीला उद्या नोकरीसाठी, किंवा त्याआधी एखाद्या प्रकल्पासाठी, ज्या दारांवर जावं लागेल ती ही. त्यातली दोन तुमच्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत.

पाटणच्या माणसाला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, की झाकलेल्या जमिनीखाली डोकावण्यासाठी दक्षिण ध्रुव गाठायलाच हवा असं नाही. तुम्ही ज्या काळ्या कातळावर राहता त्या बेसॉल्टची जाडी कोयना भागात सुमारे एक ते सव्वा किलोमीटर आहे, आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. धरणाच्या जलाशयाशी जोडल्या जाणाऱ्या भूकंपांत जगभर त्याचा अभ्यास होतो. त्याचं मूळ शोधण्यासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेतली गेली, आणि हे काम बघणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. बोअर कुठं घ्यायची हे ठरवण्याआधी तिथं विमानातून गुरुत्व आणि चुंबकत्व मोजलं गेलं. अंटार्क्टिकावर बर्फाखाली बघायला जी तंत्रं वापरतात, तीच इथं बेसॉल्टखाली बघायला वापरली. लेकीला हे सांगा आणि तिचा चेहरा बघा. डोळे चमकले तर तिला शास्त्राचीच ओढ आहे. ‘पण तिथं बर्फ नाही ना’ असं म्हणाली, तर अजून थोडं थांबून बघायला हवं. माझ्या मते कुठल्याही कल चाचणीपेक्षा हे जास्त खरं सांगेल.

आता शिक्षण. गणित आणि भौतिकशास्त्र तिला मनापासून आवडत असेल तर भूभौतिकी. बाहेर हिंडणं, खडक ओळखणं, नकाशे काढणं याकडे कल असेल तर भूविज्ञान. तुमच्या पत्रावरून ती पहिल्या गटातली वाटते. बेताच्या परिस्थितीत मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो मार्ग असा : पुण्या-मुंबईच्या किंवा जवळच्या चांगल्या सरकारी वा अनुदानित कॉलेजात बी.एस्सी., मुख्य विषय भौतिकशास्त्र, सोबत गणित, आणि मिळत असेल तिथं भूविज्ञान. पुण्याचं फर्ग्युसन आणि मुंबईचं सेंट झेवियर्स इथं भूविज्ञानाचे जुने विभाग आहेत. तिसऱ्या वर्षी ‘जॅम’ ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी भूभौतिकीत एम.एस्सी. करायची. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये चांगला क्रमांक आला तर खरगपूर, रुरकी आणि धनबादला बारावीनंतर थेट प्रवेशाचे अभ्यासक्रम आहेत, पण त्यासाठी कर्ज काढून महागडे क्लास लावू नका. पुण्याच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेचा पर्यायही आहे. तिथं पृथ्वी आणि हवामानशास्त्राचा विभाग आहे आणि प्रवेशासाठी त्यांची स्वतंत्र परीक्षा असते. गोव्यात शिकायचं तर गोवा विद्यापीठात उपयोजित भूविज्ञानाची एम.एस्सी. करता येते.

एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं धरा. इंजिनिअरिंगपेक्षा एकच वर्ष जास्त. पुढं दोन वाटा फुटतात. एक यूपीएससीची : ‘कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट’ परीक्षा देऊन भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिओफिजिसिस्ट म्हणून लागता येतं. वयाची अट सर्वसाधारणपणे २१ ते ३२, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, वर भत्ते. मुलींना परीक्षा शुल्क नाही. ध्रुवीय कामाचा या खात्याचा स्वतंत्र विभाग फरिदाबादला आहे आणि मोहिमांत त्यांची माणसं नियमित असतात. दुसरी वाट संशोधनाची : ‘नेट’ या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, अधिक घरभाडं, म्हणजे पीएच.डी.साठी घरून पैसे लागत नाहीत. विषय ध्रुवीय असेल आणि मार्गदर्शकांचा प्रकल्प मोहिमेसाठी मंजूर झाला, तर संशोधक विद्यार्थी म्हणूनही जाता येतं.

यातलं काहीच जमलं नाही तर? इथंच तुमच्या यजमानांची झोप उडाली असणार. ओएनजीसीसारख्या तेल कंपन्यांना भूभौतिकीची माणसं लागतात. केंद्राचं भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणी शोधायला हीच तंत्रं वापरतात. मेट्रोचा बोगदा, धरण, मोठा पूल यांच्या पायाखालचा खडक तपासायला खासगी कंपन्या भूभौतिकी सर्वेक्षण करून घेतात. पगार पहिल्या दिवशी आयटी कंपनीइतका नसेल. पण आकडेवारी हाताळणं, कोडिंग, संकेतांचं विश्लेषण हे सगळं तिला यायला लागेल, आणि ते कौशल्य कुठंही चालतं. तुमच्या मनातला कॉम्प्युटर या विषयात ठासून भरलेला आहे.

मुलीला पाठवतात का, या प्रश्नाचं उत्तर १९८३-८४ सालीच मिळालेलं आहे. तिसऱ्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि डॉ. अदिती पंत या दोघी गेल्या. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. सेनगुप्ता भूवैज्ञानिक आणि गिर्यारोहक, त्यांनी शिरमाकर टेकड्यांच्या खडकांवर काम केलं. पंत सागरशास्त्रज्ञ, जन्म नागपूरचा. अलीकडे इस्रोच्या मंगला मणी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भारती ठाण्यावर वर्षाहून अधिक काळ राहून आल्या.

धोका नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. हिमभेगा असतात, आतल्या पठारावरून किनाऱ्याकडे कोसळणारे वारे तासन्‌तास थांबत नाहीत, आणि हवामान बिघडलं की मदत लगेच पोचत नाही. १९९० साली नवव्या मोहिमेतले चार सदस्य डोंगराळ भागातल्या छावणीत कार्बन मोनॉक्साइड वायूनं दगावले. म्हणूनच निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावर चालण्याचं, दोर वापरण्याचं, भेगेतून माणूस बाहेर काढण्याचं प्रशिक्षण दिलं जातं. एकट्यानं कुणीच फिरत नाही. ती वेळ येईल तेव्हा तुमची लेक पंचविशी-तिशीची असेल आणि निर्णय तिचा असेल. आज सतराव्या वर्षी त्याची भीती धरून तिचा विषय बदलू नका.

सध्या करायचं ते एवढंच. बारावीची परीक्षा पहिली, तिच्यात भौतिकशास्त्र आणि गणित उत्तम हवं. सीईटी देऊ द्या, इंजिनिअरिंगचं दार आत्ताच बंद करायची गरज नाही. भांडण करून ठरवण्याजोगीही ही गोष्ट नाही. परीक्षा संपली की हजारमाचीच्या प्रयोगशाळेला तिलाच पत्र लिहू दे, भेट द्यायची परवानगी मागू दे. मिळाली तर वडिलांनी सोबत जावं. तिथल्या माणसांना पगार, बदल्या, फिल्डवरची राहणी, सगळं थेट विचारावं. सुट्टीत तिनं पायथन ही संगणक भाषा शिकायला घ्यावी, मोबाइलवर फुकट साहित्य भरपूर आहे. रोज थोडं चालणं-चढणं ठेवावं, सह्याद्री दारातच आहे. विज्ञान शाखेतल्या पदवीसाठी केंद्राच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीची या वर्षीची जाहिरात आली की बघून ठेवा. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली तर वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मदत होते.

निकाल लागला की गुण, आणि कुठल्या कॉलेजात कुठले विषय एकत्र घेता येताहेत, ते कळवा. विषयांची जोडी चुकली तर एम.एस्सी.च्या प्रवेशाला अडतं, त्यामुळे फॉर्म भरण्याआधीच मला पाठवा.